फोनवर हसू ऐकू येतं

सोमवारी मोघेसाहेबांनी प्रत्येकाच्या टेबलावर
एक छोटा आरसा ठेवला. तुळशीबागेतला, गुलाबी कडेचा.
‘फोनवर हसू ऐकू येतं,’ म्हणाले, ‘यात बघून बोला.’
रोज चाळीस फोन. लीड निघाल्याशिवाय चहा नाही,
हे मात्र गमतीत म्हणाले, असं उगले म्हणतो.

मी क्लेमची बाई. एकोणीस वर्षं
जळालेल्या गोदामांचे फोटो फायलीला लावत आले.
मला राखेतला फरक कळतो: कापसाची, रबराची,
हिशेबाच्या वह्यांची, ज्या नेमक्या वेळी जळतात.
आता आगीच्या आधीच्या माणसांशी बोलायचंय.

यादी जुनी. भोसरी, चाकण, पिरंगुट.
अर्धे नंबर अस्तित्वात नाहीत, उरलेले मीटिंगमध्ये आहेत.
एक म्हणाला, नंबर कुणी दिला?
एक म्हणाली, साहेब बाहेर गेलेत, आणि मागून साहेबच खोकले.
एकानं प्रेस चालू ठेवून मला सगळं बोलू दिलं,
मग म्हणाला, काही ऐकू आलं नाही, पण नकोय.
घोलपांची तृप्ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली,
गुलाबी आरशात बघून टिकली नीट केली
आणि सतराव्या नंबरला म्हणाली, नमस्कार, दोन मिनिटं आहेत का?
उगले तर ड्रायव्हर. त्यालाही बसवलंय.
तो विचारतो, तुमच्या गेटपुढचा तो खड्डा बुजवला का हो?
आणि लोक वीस-वीस मिनिटं बोलतात.
साहेबांना कळत नाही, याला झापावं की बढती द्यावी.

रात्री धायरीत, तव्यावर भाकरी असताना, मला फोन आला.
पर्सनल लोन. एरवी मी कट करते.
त्या मुलीला शेवटच्या वाक्यापर्यंत जाऊ दिलं.
ती हसत नव्हती.
खरंच ऐकू येतं.

गुरुवारी भोसरी बंद, तिकडे फोन करू नका,
असं फळ्यावर लिहिलंय. माझे सहा कमी पडत होते.
एकाच बेलमध्ये, ‘पांचाळ पॅटर्न.’
मागे एकही मशीन नाही,
फक्त लाकडावर पॉलिशपेपर घासल्याचा आवाज.
आग, चोरी, पूर, मशिनरी ब्रेकडाउन, मी वाचत गेले.
तो म्हणाला, मशिनरी राहू द्या. माझ्याकडे पॅटर्न आहेत,
सागवानी, वडिलांच्या हातचे. पंपांचे, व्हॉल्व्हचे,
ज्या कंपन्या मेल्या त्यांचेसुद्धा.
जळाले तर काय मिळेल?

छापील कागदावर याचं उत्तर आहे:
‘आमचा प्रतिनिधी आपली भेट घेईल.’
मी आरसा पालथा घातला.
म्हटलं, लाकडाचे मिळतील. मजुरीचे मिळतील,
तेही पॉलिसीत वेगळे लिहिले असतील तर.
वडिलांचे मिळत नाहीत.

पेपर घासायचा थांबला.

मग विकायचं सोडून मी सांगत बसले,
प्रत्येकाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.
फोटो दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे, कुठेही.
एकोणीस वर्षांत हे ज्यांना ज्यांना सांगितलं
त्यांच्याकडे तोवर फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रजिस्टरात चार खुणा चालतात:
हो, नाही, नंतर, उचलला नाही.
मी त्याच्यापुढे नुसतं ‘गुरुवार’ लिहिलं.
हे काय? साहेबांनी विचारलं.
म्हटलं, सुट्टी होती त्यांना.

पुढच्या गुरुवारी त्याचाच फोन आला.
पॉलिसीचं नाव नाही, प्रीमियमचं नाव नाही.
एकशे बारा झाले, म्हणाला, सत्तेचाळीस राहिलेत.
एकाच्या लाल रंगात वडिलांचा अंगठा उमटलाय.
इतकी वर्षं बघितलाच नव्हता.
त्याच्या शेजारीपण पट्टी ठेवू का?

ठेवा, म्हटलं.